बाईंशी गोड बोलायचं नाही

बाईंनी मला पसंत केलं ते माझ्या खालच्या पापणीवरून. बेलापूरला आमच्या घरी पाहुणे मला पाहायला आले होते. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या, पाटावर बसले, मान खाली घातली. नाव काय, शिक्षण किती, असलं काही कुणी विचारायच्या आत माझ्या होणाऱ्या सासूबाई उठून जवळ आल्या. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले, "हात लावते हां" म्हणाल्या आणि अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढून आत पाहिलं. मग नखं पाहिली. जागेवर जाऊन बसल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, महिनाभर गूळ-शेंगदाणे खाऊ घाला. पाहुणे गेल्यावर आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मुलीत खोट काढली म्हणजे नकारच, असं आईनं धरून टाकलं. वडील तर दुसऱ्या स्थळाच्या चौकशीला लागले. आठ दिवसांनी बोलणी करायला माणसं आली तेव्हा कळलं की त्या घरात होकार असा देतात.

सासूबाई सरकारी नर्स होत्या. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. पोटची तीन मुलं, दोन मुली आणि माझे यजमान, त्यांना बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या, नव्वदीला टेकल्या होत्या. तेव्हापासून घरी येणारं प्रत्येक माणूस त्यांना देवमाणूस म्हणून जातं आणि मला ते ऐकून चीड येते. देवमाणसाबरोबर एका छपराखाली चाळीस वर्षं काढून पाहा म्हणावं. बाईंबरोबर माझं निभलं, कारण त्या हट्टी होत्या, तापट होत्या, स्वतःचंच खरं करायच्या, आणि मीही काही कमी नव्हते.

त्यांचं काम मी जवळून पाहिलं ते टोळ्या निघायच्या दिवसांत. दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, कोंबड्या, पोरं, सगळा संसार चढतो. बाई लसीचा डबा खांद्याला अडकवून ट्रॉलीजवळ आधीच हजर असायच्या. मुकादम घाई करायचा. बाई त्याला ट्रॅक्टरची किल्ली मागून घ्यायच्या आणि आपल्या पिशवीत टाकायच्या. मग एकेक पोर खाली उतरवून टोचायचं, रडू द्यायचं, परत चढवायचं. पोटुशी बाई असली की तिला कितवा महिना, कधी दिवस भरतात, मागच्या खेपेला काय त्रास झाला, हे एका चिठ्ठीवर लिहायच्या आणि ती चिठ्ठी तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायच्या. कार्ड दिलं तर सामानात हरवतं, पदर काही हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळं झाल्यावर किल्ली परत मिळायची. मुकादम दरवर्षी कुरकुर करायचा आणि दरवर्षी किल्ली द्यायचा.

घरीही त्यांचंच राज्य होतं. उंबरा ओलांडायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, हा कायदा. धाकटे जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तर ओवाळणीचं ताट हातात धरून नणंद उभी आणि जावईबापू नळावर साबण लावताहेत. कुणाचं लग्न कुठं करायचं, कुणी कुठं शिकायचं, बाळंतपणाला आलेल्या लेकीनं किती दिवस राहायचं, हे बाई ठरवायच्या. एखाद्याला ते पटलं नाही तर त्या ऐकून घ्यायच्या आणि मग आपल्याला हवं तेच करायच्या. सासरे शांत माणूस, शेतात रमलेले. त्यांनी जन्मात बाईंना विरोध केला नाही आणि त्यामुळे सुखात जगले, असं आमचे हे अजून म्हणतात.

विरोध करायचं काम माझ्याकडे आलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दिवसभर चाळीस पोरांवर ओरडून घरी यायचे, तर घसा तापलेलाच असायचा. दूध उघडं का ठेवलं म्हणून त्या मला बोलायच्या, साखरेचा आजार असून चहात दोन चमचे का घातले म्हणून मी त्यांना बोलायचे. सुरुवातीला आदर म्हणून दबून राहिले. एकदा त्या ताप अंगावर काढून उपकेंद्रात निघाल्या तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि वर्गात पोरांना झापते तसं त्यांना झापलं. त्या मुकाट्यानं माघारी फिरल्या आणि झोपल्या. त्या दिवसापासून आमचं खरं नातं सुरू झालं असं मी मानते. मी सिस्टरांना रागावते हे गावात कुणाला खरं वाटायचं नाही.

सत्त्याऐंशीव्या वर्षी त्या अंगणात पडल्या. फरशी ओली होती. ती त्यांनीच धुतली होती, आणि धुऊ नका म्हणून मी सकाळीच ओरडून झाले होते. नगरला नेलं. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, आमच्या तोंडात अजून नगरच येतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, भूल झेपणार नाही, ऑपरेशनचं नाव काढू नका. तीन महिने अंथरुणावर पडून राहायचं, हाड जमेल तसं जमेल. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की हाडापेक्षा पाठ सांभाळा. पडून पडून पाठीला जखम झाली आणि ती चिघळली, तर या वयात ती भरत नाही, माणूस त्यातच जातं. बाजूला घेतलं होतं तरी बाईंना ऐकू गेलंच. हे वाक्य त्यांनी स्वतः किती घरांत सांगितलं असेल.

घरी आल्यावर त्यांनी मला, एव्हाना शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिकेला, शिकवायला घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. मोडलेल्या बाजूवर पूर्ण वळवायचं नाही, उशी लावून नुसतं कलतं करायचं. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी हवी. चादरीला सुरकुती नको, भाकरीचा चुरा नको. माणूस ओढायचं नाही, उचलायचं, कारण ओढलं की कातडी चादरीला घासते. माकडहाडावर लाल दिसलं तर बोटानं दाबायचं. पांढरं होऊन परत लाल झालं तर भिऊ नको. दाबूनही लालच राहिलं तर आतलं मांस मरायला लागलंय. आम्हाला शिकताना स्पिरिट चोळायला सांगायचे, नंतर ते चूक ठरलं, तेव्हा तू काही चोळू नकोस, हेही सांगितलं. मी हवेची गादी आणली. त्यांनी ती घालू दिली, पण म्हणाल्या, "गादीला डोळं न्हाईत."

रोज सकाळी मी त्यांची पाठ पुसायचे आणि त्या विचारायच्या, "कशी हाय?" मी पाहायचे, दाबायचे आणि सांगायचे, चांगली आहे. सगळ्या जगाच्या पाठी पाहिलेल्या त्या बाईला स्वतःची पाठ दिसत नव्हती. माझ्या शब्दावर त्यांना दिवस काढायचा होता, याचं मला फार दडपण यायचं. आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

दोन महिने असेच गेले. दोघी नणंदा आळीपाळीनं राहून आपापल्या घरी गेल्या होत्या. तेवढ्यात बेलापूरला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. मी जाणार नव्हते, बाईंनीच हट्टानं पाठवलं. शेजारणीला बोलावते म्हटलं तर नको म्हणाल्या, पोरगा आहे की घरात. आमचे हे साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते, रिटायर झालेले. बोल्ट मोजून देण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे शिस्तीत कुठं उणं नाही. मी त्यांना सगळं कागदावर लिहून दिलं आणि दीड दिवसासाठी गेले.

परत आले तेव्हा कागदावर दर दोन तासांच्या वेळेसमोर बरोबरची खूण होती. एकही चुकली नव्हती. हात धुऊन मी बाईंना कुशीवर घेतलं आणि पाठीवरचं लुगडं बाजूला केलं. माकडहाडावर पुरीएवढा लाल डाग होता. दाबला, पांढरा झाला नाही. कडेला कातडी सोलवटून बारीक फोड आला होता.

ह्यांना स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, तेव्हा झाला प्रकार कळला. ह्यांनी प्रत्येक वेळी आईच्या अंगावर रजई तशीच ठेवून, तोंड भिंतीकडे करून, खालची चादर ओढून तिला वळवलं होतं. एकदाही पाहिलं नव्हतं. आईची उघडी पाठ कशी बघायची, हे त्यांचं उत्तर. आणि बाई? ज्यांनी वॉर्डातली परकी गडीमाणसं अंघोळ घालून कोरडी केली, त्यांना आपण ओढले जातोय हे कळत नव्हतं असं थोडंच आहे. पण पोटच्या पोराला "उघड आणि बघ" म्हणायला त्यांची जीभ रेटली नव्हती. मायलेकांनी मिळून, एकमेकांची लाज राखत, दीड दिवसात माझ्या दोन महिन्यांच्या कामावर पाणी फिरवलं होतं.

मी खोलीत परत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, कशी हाय. मी म्हटलं, चांगली आहे.

असं का बोलले याची मी तेव्हा पुष्कळ कारणं काढली. त्या खचतील, नवऱ्याला बोलणी बसतील, दोन दिवसांत मीच बरी करीन. खरं कारण एकच होतं. मी हिरव्या बांगड्या भरून, पंगतीत बसून, जिलेबी खाऊन आले होते, आणि मला लाज वाटत होती.

तीन दिवस मी खोटं बोलत राहिले. पाठीवर भार येऊ न देता त्यांना कुशीवर ठेवलं, डाग कोरडा ठेवला, जे शिकवलं होतं ते सगळं केलं. डाग वाढलाच. तिसऱ्या दिवशी दुपारी उशा लावत होते तर सकाळचं ताक पेल्यात तसंच दिसलं. मी म्हणाले, राहू द्या बाई, वाटेल तेव्हा घ्या.

त्यांनी एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या, "लई वाढलंय का?"

मी विचारलं, काय?

"पाठीचं. लग्नावरनं आल्यापून तू मला एकदाबी रागावली न्हाईस. ताक प्याले न्हाई तरी न्हाई. नोकरीत मी बी असंच करायची. ज्याचं दुखनं हाताभाईर चाललं, त्याच्यासंगं गोड बोलायची."

मी तिथंच खाली बसले आणि रडले. शाळेत, घरात, कुणासमोर रडायची मला सवय नाही, त्यामुळे ते नीट जमलंही नाही, नुसता आवाज झाला. बाईंनी ते होऊ दिलं. मग एकेक विचारत गेल्या. केवढं आहे, दाबून पांढरं होतं का, फोड फुटलाय का, वास येतो का. मी खरं सांगत गेले. मोबाईलवर फोटो काढून दाखवू का म्हटलं तर नको म्हणाल्या. "मी बघाया लागले की तुमचं बघनं थांबंल. त्याला बोलीव."

हे आले आणि दारातच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभे राहिले. पासष्ट वर्षांचा माणूस, पण चूक सापडलेल्या पोरासारखा चेहरा. बाईंनी त्यांना जवळ यायला सांगितलं. मला म्हणाल्या, माझ्या पाठीवरचं लुगडं बाजूला कर. ह्यांनी मान आणखी वळवली.

"तुझा बाप आजारी हुता, तवा मी त्याला धुतला," बाई म्हणाल्या. "गावातली परकी गडी धुतली. त्यास्नी मी सांगायची, लाजू नगा. आन सवताच्या पोराम्होरं मीच लाजले. चूक माझी हाय. आता तू बघ."

त्यांनी पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आधी डोळे बारीक झाले, मग ते वाकले, मग अगदी जवळ गेले. कुणी न सांगता त्यांनी तळवे एकमेकांवर चोळले आणि म्हणाले, "बाई, हात लावतो." त्यांच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या माणसावर मी नव्यानं प्रेम केलं. बाईंनी उशीत तोंड लपवलं. दोघंही एका मिनिटात त्यातून बाहेर आले आणि मग जखम किती रुंद आहे यावर वाद घालू लागले.

पुढचे दिवस माझ्या आठवणीत आनंदाचे म्हणूनच राहिलेत, कुणाला हे विचित्र वाटेल. उपकेंद्रातली आताची सिस्टर रोज येऊन ड्रेसिंग करायची. बाकीचं सगळं ह्यांनी हातात घेतलं. स्टोअरकीपर तो स्टोअरकीपर. दर सोमवारी ड्रेसिंग सुटलं की सिस्टर जखमेवर प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद धरायची आणि हे पेननं तिची कड उतरवून घ्यायचे, वर वार लिहायचे. बाई विचारायच्या, कशी हाय, तर "चांगली" असलं मोघम उत्तर नाही. वरच्या अंगाला करंगळीभर कमी, खालच्या अंगाला तेवढीच, रंग गुलाबी, पाणी नाही. एकदा "कालच्यापेक्षा जास्त हाय" असंही स्पष्ट सांगितलं. मी डोळे वटारले. बाई मात्र समाधानानं म्हणाल्या, हा खरा माणूस.

वळवता वळवता मायलेक बोलायचे. ह्यांच्या लहानपणी बाई कायम फिरतीवर. सकाळी पोरगं उठायच्या आत निघून जायच्या, ते आजीच्या हाताखाली वाढलं. त्याचा राग ह्यांच्या मनात होता हे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं का ते माहीत नव्हतं. एका सकाळी पाठ पुसताना ह्यांनी ते बोलून टाकलं, की तू सगळ्या गावाची होतीस, आमची नव्हतीस. मी तिथंच भाजी निवडत होते. बाई म्हणाल्या, व्हय, खरं हाय. एवढंच. समर्थन नाही, रडणं नाही. ह्यांनी पाठ कोरडी केली, चादरीची सुरकुती काढली आणि विचारलं, चहा घेणार का. दोघांनी मिळून चहा प्यायला. साखर जास्त होती, मी दोघांनाही बोलले.

जखम भरायला दीड महिना लागला. शेवटच्या सोमवारी प्लॅस्टिकवर उतरवायला काही उरलं नव्हतं. हाडही जमेल तेवढं जमलं आणि बाई वॉकर धरून ओसरीपर्यंत यायला लागल्या. तिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पापण्या पाहायच्या. अशी दोन वर्षं त्या सुखात जगल्या आणि आम्हीही.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी ह्यांना आणि मला सांगितलं की आता घरीच ठेवा, थोडे दिवस आहेत. घरी येताना मी मनाशी पक्कं ठरवलं. या खेपेला बाईंना कळू द्यायचं नाही. एकदा पकडली गेले होते, दुसऱ्यांदा जाणार नव्हते.

त्यांना पलंगावर बसवलं, पाठीशी उशा दिल्या, कोमट दूध दिलं. दोन घोट घेऊन त्यांनी पेला बाजूला केला. मग मी सुरू झाले. दूध का टाकता, औषधं काय फुकट येतात, तुमच्या मागं मी किती पळायचं, सत्तर वेळा सांगून तुम्हाला अक्कल नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला होता. हे दारात उभे राहून पाहत होते. बाई मान हलवत सगळं ऐकून घेत होत्या, नोकरीत नवी पोरगी पहिलं इंजेक्शन देताना तिच्यावर लक्ष ठेवायच्या तसं.

माझा दम संपल्यावर त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं.

"झालं? बरं जमलं," त्या म्हणाल्या. "आता गोड बोल. मला ठावं हाय."

मग मी गोड बोलले. दुपार कलेपर्यंत बोलत होते.